गिटारच्या मध्येच पानिपत

काल लेकीने एका जुन्या रॉक बँडच्या दौऱ्याचा माहितीपट लावला आणि मला दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या क्वार्टरमधल्या कूलरचा, ओल्या वाळ्याचा वास आला.

तेव्हा हाच माहितीपट टीव्हीवर लागणार होता. त्याच्या लाइव्ह अल्बमची कॅसेट कुठेच मिळेना, म्हणून गाणी टेप करायला मी टीव्हीपुढे टेपरेकॉर्डर मांडला. भर मे महिन्यात कूलर बंद केला आणि सगळ्यांना बजावलं, "तासभर कुणी तोंड उघडायचं नाही." आईने कुकरसुद्धा लावला नाही. बाबा बनियनवर घाम पुसत गप्प बसले.

पण घरी कराडचे बापूकाका आले होते. गावाकडून येणारा प्रत्येक पाहुणा आमच्याकडेच उतरायचा आणि पानिपतला लढाईचं स्मारक, काला अंब, बघितल्याशिवाय हलायचा नाही. पडद्यावरचा जमाव शांत झाला, गिटारचा एकच लांब सूर निघाला आणि काकांनी खणखणीत आवाजात विचारलं, "पानिपतची बस कुठून मिळते रे?"

"काश्मिरी गेटहून!" बाबांनीही तितक्याच उत्साहात सांगितलं.

मी कपाळावर हात मारला. पुढे कितीतरी वर्षं ती कॅसेट ऐकली आणि दर वेळी नेमका तिथेच चिडलो.

काल तो सूर आला. स्वच्छ, अखंड. संपत आला तरी कुणी काही विचारेना. मला राहवेना.

"काश्मिरी गेटहून!" मी ओरडलो.

"बाबा, यार!" लेक डाफरली. "गाणं चालू असताना मध्येच कुणी बोलतं का?"

मलाच बोलावं लागणार ना आता. बोलणारे दोघेही गेले.