फिलूच्या मशीननं गाळलेले नंबर

चार माणसं आणि एक कॉम्प्युटर एका खोलीत ठेवा, किस्से आपोआप साचतात. झाडू मारायचा कंटाळा केला की धूळ साचते ना, तसे! आमच्या बोळिंजच्या बागायतदार सोसायटीच्या मागच्या खोलीतले हे किस्से ऐंशीच्या दशकाच्या अखेरचे. आठवायला बसलं की आधी टेबलफॅनची घरघर ऐकू येते, मग बाहेरच्या केळीच्या पानांची सळसळ, आणि मग फिलोमिना दिसते.

फिलोमिना, म्हणजे फिलू, आमची ऑपरेटर. दुसऱ्या टर्मिनलवर मी. मशीन मुंबईच्या एका कंपनीनं ट्रायलवर दिलेलं. ठेवायचं की परत पाठवायचं, ते वार्षिक सभेत ठरणार होतं. परत गेलं तर मी पुन्हा काउंटरवर. फिलूची मात्र नोकरीच जाणार! तिच्या घरात कमावणारी ती एकटी. त्यामुळे आम्ही दोघं त्या मशीनला फार जपायचो.

*

नवा सभासद आला की मशीन स्वतःच पुढचा नंबर काढायचं. पण एकदा काढलेला नंबर ते परत घ्यायचं नाही. माणूस एंट्री अर्धवट सोडून उठून गेला, तर त्याचा नंबर गेला तो गेलाच.

आमचे चेअरमन आप्पा, विड्याच्या पानांचे जुने बागायतदार. त्यांना हे पटेना.

"एक्केचाळीसनंतर एकदम त्रेचाळीस? बेचाळीस कुठाय?"

"गेला, आप्पा."

"गेला म्हणजे? कोणाबरोबर गेला?"

फिलू शांतपणे म्हणाली, "आप्पा, घडातनं काढलेलं केळं परत घडाला लावता येतं का?"

"मी पानवाला आहे. केळ्यांचं मला सांगू नकोस!"

*

मशीनला आणखी एक खोड होती. घाईच्या वेळी हाताशी असावेत म्हणून ते पुढचे बरेच नंबर आधीच काढून ठेवायचं. लाइट गेली की ते सगळे गायब! आणि दुपारची लाइट तर हमखास जायची.

स्क्रीन काळी व्हायची, पंखा थांबायचा. मला वाटायचं, ते नंबर आत्ता खिडकीतून निघालेत. वाड्यावाड्यांतून रमतगमत राजोडीला पोचतील आणि सुरूच्या सावलीत समुद्र बघत बसतील. एकदा हे मी फिलूला सांगून टाकलं.

"बसू देत की," ती डोळे मिटूनच म्हणाली. "मला पण न्या म्हणावं!"

*

एका सकाळी आप्पांनी स्वतः मशीन चालवायचं मनावर घेतलं. 'सध्या कुठला नंबर चालू आहे?' असं त्यांनी विचारलं. मशीननं एरर दिली. त्याचा नियमच तसा. बसल्यापासून तुम्ही नवा नंबर घेतला नसेल, तर ते चालू नंबर सांगत नसे.

"सकाळी सकाळी उलट बोलतंय!"

"आधी एक नवा नंबर मागा आप्पा, मग सांगेल."

आप्पांनी मागितला, मशीननं दिला, आणि आणखी एक नंबर वाया गेला. तो आप्पांनी घालवला, हे त्यांना सांगणार कोण!

*

राजोडीचे दोन भाऊ एकाच वेळी आले. थोरल्यानं फिलूकडे आधी नंबर घेतला, पण वारस म्हणून बायकोचं नाव घालायचं की आईचं, यावर तो अडला. तेवढ्यात धाकट्याची एंट्री माझ्याकडे पक्कीसुद्धा झाली.

"नंबर माझा आधीचा, मग हा माझ्याआधी सभासद कसा?" थोरला तापला.

"दोघांना एकच नंबर जाऊ नये, एवढंच मशीन बघतं," फिलू म्हणाली. "लहान-मोठं तुम्ही घरी बघा!"

*

मग सभेचा दिवस उजाडला. आप्पांनी हजेरी नंबरानं घ्यायचं ठरवलं, आणि मशीननं गाळलेले नंबरही मुद्दाम पुकारायला लागले. प्रत्येक वेळी थांबायचे, सगळ्यांकडे बघायचे. लोक हसायचे. फिलूच्या मुठीत रोझरीची माळ होती आणि डोळे भरून आले होते. मला आप्पांचा भयंकर राग आला.

"एकशे अठरा!"

"हजर!"

मागून चांदीपची एक म्हातारी उठली. आप्पा गोंधळले. "आजी, या नंबरावर कोणीच नाही."

"मी हाय ना! नाव लिवाला आलते. या पोरीनं मना नंबर सांगितला नं तवाच लाइट गेली. माजी एस.टी. सुटत होती, मी गेले."

"पण मशीनमध्ये तुमचं नाव नाही."

"नाव नसंल. पन माजा नंबर दुसऱ्या कोनाला दिला काय?"

आप्पांनी कागद खालीवर बघितला.

"नाही दिला."

"मंग?" म्हणून आजी खाली बसली.

पटांगणात कोणी हसलं नाही. आप्पांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला.

"फिलू," ते म्हणाले, "उद्या कामावर आलीस की पहिलं आजींचं नाव घाल."