मामांचं ‘काही नाही’

माझे मामा अग्निशमन दलातून निवृत्त झाले, तरी गल्लीत सगळ्यांचे ते बंबवाले मामाच राहिले. काय होतंय विचारलं की त्यांचं एकच उत्तर, “काही नाही.” मामी वैतागायची. “दाढ काढून आले, गाल हा एवढा सुजलेला, तरी म्हणे काही नाही!”

निवृत्तीनंतर ते दिवसभर तिच्या पायात पायात करायचे. तेवढ्यात कामगारांचे संरक्षक कपडे तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेतून बोलावणं आलं. आगीत घालायचा नवा सूट वापरून बघायला त्यांना पोट सुटलेला, गुडघे कुरकुरणारा अनुभवी माणूस हवा होता. मामा खुशीत गेले.

छातीला नाडी मोजणारा पट्टा बांधून, सूट चढवून त्यांना तापवलेल्या खोलीत शिडी चढायला लावली, रांगायला लावलं, पाण्याचा पाइप ओढायला लावला.

“काका, कुठे आवळतंय?” चाचणी घेणाऱ्या बाईंनी विचारलं.

“काही नाही. झकास आहे.”

“अहो, यंत्र म्हणतंय तुम्ही उकडून निघालाय. मी लिहू काय?”

पुढच्या खेपेला बाईंनी मामीलाच सोबत बोलावलं. ती काचेअलीकडे खुर्ची टाकून बसली. मामांनी शिडीवर हात वर नेला मात्र, मामी म्हणाली, “मान तिरकी केली बघा. कॉलर टोचतेय.” बाईंनी जाऊन कॉलर उलटली. शिवण घासून मानेवर लालभडक वळ उठला होता.

मामी दारातूनच ओरडली, “अहो, बोला की! हाच सूट घालून उद्या कुणाचा तरी मुलगा आगीत शिरणार आहे.”

मामा शिडीवर थबकले. मग हळूच म्हणाले, “काखेतही ओढतंय. आणि गुडघा वाकत नाही नीट.” एकदा तोंड उघडलं ते थांबेचना. बाईंचा हात लिहून लिहून भरून आला. कॉलर मऊ झाली, काखेत जादा कापड आलं, गुडघे सैल झाले.

ती सवय घरापर्यंत आली. “ही उशी म्हणजे नुसता दगड आहे,” मामांनी जाहीर केलं.

“मग इतकी वर्षं गप्प का होतात?”

“तू कुठे बाईंसारखं विचारलंस?”

मामीने कपाळाला हात लावला आणि नवी उशी आणली.

एका दुपारी दोघं वाळलेल्या कपड्यांच्या घड्या करत होती. मामा चादरीचं टोक धरून उभे राहिले.

“गोदामाला आग लागली होती ना, तेव्हा मी फार घाबरलो होतो गं. आत रस्ताच सापडेना.”

मामीने चादर तशीच खाली टाकली आणि त्यांना हाताला धरून शेजारी बसवलं.

“सांगा,” ती म्हणाली.