विलायती लाकूड

"विलायती लाकूड खंय घातलंस? बोल, चोरट्या!"

आबासाहेब ओटीवरून ओरडत होते. मी खाली, घरासमोरच्या खळ्यात, उन्हात. शेजारी माझा बाप हात जोडून उभा. भोवती अर्धा गाव. आणि माझ्या पायाशी त्यांच्या मुलाची इलेक्ट्रिक गिटार. लाल, चकचकीत, मान निखळलेली.

एकोणीसशे साठनंतरची गोष्ट. कट्टा या बाजारगावाजवळचं आमचं गाव. आमचं घर चांभारवाडीत. बाप देवळातल्या मृदंगाला चामडं चढवायचा. मी तीन वर्षं मुंबईत वाद्यं दुरुस्त करणाऱ्या कारखान्यात काढून परत आलो होतो. म्हणून तर आबासाहेबांनी बोलावलं. आंब्याच्या बागा त्यांच्या, देवळाचा कारभार त्यांचा.

मुलगा मुंबईत कॉलेजात. मे महिन्यात गिटार घेऊन आला.

"इम्पोर्टेड आहे. जपून हात लाव," मला म्हणाला. गिटार जमिनीवर ठेवली आणि दोन पावलं मागं सरला. हातात द्यायची नाही. मी उचलायची.

इम्पोर्टेड! बघितल्याबरोबर ओळखली. असला नकली माल मुंबईच्या कारखान्यात ढिगानं यायचा. मान वाकलेली. तारा इतक्या वर की दाबता दाबता बोटं सोलून निघावीत. मानेवरच्या पितळी पट्ट्यांची टोकं बाहेर आलेली, हात फिरवला की रक्त. चाव्या ढिल्या. एक तार सुरात लावून दुसरीकडे जावं, तर पहिली उतरलेली. मागची झाकणी काढली. आत चहाच्या खोक्याचा प्लाय. खोक्यावरची काळी अक्षरंसुद्धा खरवडायचे कष्ट कुणी घेतले नव्हते. बाहेरून मात्र रंगाचे चार हात. माझ्या बापानं असला मृदंग दिला असता तर ह्याच लोकांनी त्याला गावाबाहेर हाकलला असता. गावाबाहेर तर आम्ही होतोच. तालुक्याबाहेर हाकलला असता.

हे मी तेव्हाच बोलायला हवं होतं. बोललो नाही. मोठ्या घरच्या पोराचं हसं कशाला, म्हणून गप्प बसलो.

चार दिवस खपलो. पट्ट्या कानशीनं घासल्या. मानेखाली पत्र्याचा तुकडा सारून ती सरळ केली. आतल्या चुंबकाची सुटलेली तार जोडली. वाजायला लागली. नेऊन दिली.

आबासाहेबांच्या बायकोनं तांब्यात तुळशीचं पान टाकलं आणि गिटारवर पाणी ओतलं. माझा हात लागला होता ना! शिंतोडे नव्हेत, चांगला अर्धा तांब्या. झाकणीच्या फटीतून सगळं आत.

"त्याच्यात पाणी नको. आत तारा आसत," मी म्हणालो.

"तुका कोणी इचारल्यान?" बाई म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी देवळासमोर मुलाचा कार्यक्रम. गिटारची वायर लाऊडस्पीकरच्या मशीनला जोडली. त्यानं पहिलाच हात मारला आणि कर्ण्यातून म्हैस रेकली. लोक हसले. त्यानं रागानं चाव्या पिळल्या. आत प्लाय फुगलेला, सरस सुटलेला. भर कार्यक्रमात मान निखळून त्याच्या हातात आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हा दोघांना खळ्यात उभं केलं.

"आतलं लाकूड यानंच बदललं," मुलगा शुद्ध मराठीत म्हणाला. "हे लोक असंच करतात."

बाप माझ्या कानाशी आला. "पाय धर आणि सूट, बाबा."

मी पाय धरले नाहीत. खाली बसलो. खिशातून पेचकस काढला. एकेक स्क्रू काढला. गिटार उघडून सगळ्यांसमोर धरली. रंगवताना लाल रंग फटीतून आत ओघळला होता आणि खोक्याच्या काळ्या अक्षरांवरच वाळला होता. म्हणजे आधी खोका, मग रंग. शेंबड्या पोरालाही कळावं.

"वाचा," मी मुलाला म्हणालो.

कॉलेजात शिकलेला तो. त्यानं मनातल्या मनात वाचलं.

आबासाहेब ओटीवर परत टेकले. जणू काही झालंच नव्हतं.

"बरा, बरा. आता जोडून दी आणि जा."

"नाय."

"काय म्हटलंस?"

"मी जोडूचंय नाय."

"मगे तुझ्या बापाशीचा देवळातला काम बंद."

"बंद," मी म्हणालो.

बाप रडायला लागला. मी त्याचा दंड धरला आणि त्याला घरी आणलं.

काम खरंच बंद झालं. तो पावसाळा आम्ही पेजेवर काढला. बाप दोन महिने माझ्याशी बोलला नाही.

वाडीतले म्हणतात, तू खरा ठरलास. मला त्याचं कौतुक नाही. असल्या माणसांसमोर जमिनीवर बसून, स्क्रू काढून काढून, मी चोर नाही हे मी दाखवलं. का दाखवलं? त्यांना खोक्याचा प्लाय ओळखता येत नाही, हा काय माझा गुन्हा?

चोर म्हणणाऱ्यानं पुरावा आणावा. मी आता काहीही उघडून दाखवणार नाही.