चौथ्या मजल्यावरच्या लाल बादल्या

मारोतराव बोरकुटे यांना खोटारडं ठरवलं गेलं ते १९७६ सालच्या संक्रांतीनंतरच्या पहिल्या रविवारी, दुपारी चारच्या सुमारास, हिंगणघाटातल्या एका वाचनालयाच्या सभागृहात, भरल्या गर्दीसमोर. हे आधी लिहिते. गेलेला माणूस किती गोड होता, हे आधी सांगायची आपल्याकडे पद्धत आहे. मला ती मान्य नाही, आणि मारोतमामा गोड नव्हतेही. तिरसट होते. पण खोटं ते आयुष्यात एकदाच बोलले, आणि तेही माझ्यासाठी.

ते गेल्याचं मला कळलं कारंज्याला. एका सभेसाठी गेले होते, हायवेवरच्या धाब्यावर चहा घेत होते. आमच्या गावचा एक ट्रकवाला जवळ आला आणि म्हणाला, "अवो सुमनबाई, ते जिनिंगमधले मारोतराव गेले ना बाप्पा काल... थे नाई का, चिनी मनोरेवाले. इकत आणून माहा म्हणत होते, थे." माणूस जाऊन एक दिवस झालेला, आणि त्याची ओळख ही. चहा तसाच टाकून मी बस पकडली. पोहोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. शेवंतामामी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला पाहून एवढंच म्हणाल्या, "आली का तू. तुहीच वाट पाहून राह्यली होती मी."

मारोतराव माझ्या आईच्या माहेरचे, रोहणा गावचे, म्हणून मामा. जिनिंगमध्ये कापसाच्या गाठींवर मार्का मारायचं काम करत. पातळ पत्र्यातून अक्षरं कोरून छाप तयार करायचे, तो छाप गाठीवर ठेवून काळ्या शाईचा ब्रश फिरवायचा. शिक्षण सातवी, पण त्यांच्या हातचं अक्षर असं उभं राहायचं की गाठ मुंबईला गेली तरी तिथला हमाल ते लांबून वाचेल. मी कॉलेजात गेले, संघटनेत शिरले, पत्रकं काढू लागले, तेव्हा सायक्लोस्टाइलच्या कागदावर मथळा कोरून द्यायला त्यांच्याकडेच जायची. मी ओळभर मथळा न्यायची, ते त्यातले चार शब्द ठेवायचे. "एवढं लंबं काऊन लिहितं? रागात माणूस थोडकंच बोलते." पत्रक लिहायला मला संघटनेनं शिकवलं असं लोक म्हणतात. साफ चूक. मला मार्का मारणाऱ्या माणसानं शिकवलं.

मनोऱ्याचं वेड त्यांना एका चहाच्या डब्यातून लागलं. जिनिंगच्या बंगल्यावरचे साहेब बदलून गेले तेव्हा मागे भंगार पडलं, त्यात हा जुना पत्र्याचा डबा. त्याच्यावर चीनमधल्या एका मनोऱ्याचं चित्र होतं. सात मजले, आठ बाजू, प्रत्येक मजल्यावर हिरवं छप्पर, छपराचे कोपरे वर वळलेले आणि कोपऱ्या-कोपऱ्याला घंटी. मामांनी तो डबा घरी आणला आणि दोन वर्षं त्यांना दुसरं काही दिसलं नाही. मैद्याच्या खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालून कागदावर कागद चिकटवायचे, सात-आठ थर झाले की तो लाकडासारखा टणक व्हायचा, मग मार्क्याच्या सुरीनं कापायचे. छपराची कौलं म्हणजे खराट्याच्या काडीवर गुंडाळलेल्या कागदाच्या नळ्या, उभ्या चिरून अर्ध्या केलेल्या. घंट्या सिगारेटच्या पाकिटातल्या चांदीच्या. छपराला तो वळणदार बाक काही केल्या येईना, तेव्हा त्यांनी ओला कागद मामींच्या कढईच्या पाठीवर वाळत घातला. मामी ओरडायच्या, "वरण कशात करू, तुमच्या मनोऱ्यात?" मामा म्हणायचे, "थांब वं, चीनचं छप्पर वाळून राह्यलं." आठवडाभर त्या घरात भाजी पातेल्यात शिजली.

याच काळात आणीबाणी लागली. आमचे तीन कार्यकर्ते आत गेले. आम्ही पत्रकं काढतच होतो, पण चोरून. शाई फुटलेले, तिरपे छापलेले कागद उरायचे. ते घरात सापडले की संपलं. मी त्यांचा गठ्ठा पिशवीत घालून मामांकडे द्यायची. जिनिंगच्या बॉयलरमध्ये टाकून द्या, एवढंच सांगायची. ते मान हलवायचे. मला वाटायचं, जळाले...

संक्रांतीनंतर वाचनालयात हस्तकलेचं प्रदर्शन भरणार होतं आणि मामा मनोरा तिथे मांडणार होते. त्याच्या दोन दिवस आधी मी मनोरा बघायला गेले. पुरुषभर उंच. मी वाकून तिसऱ्या मजल्याच्या दारातून आत डोकावले. आतल्या भिंतीचा वरचा थर एका जागी सुटला होता आणि खालून अक्षरं दिसत होती. आमचीच. मामांनी कोरलेला मथळा आणि त्याखाली माझं लिखाण.

"मामा, हे काय?"

"कागद."

"जाळायला दिले होते!"

"मागून कोरे होते ना सुमे. एवढा चांगला कागद आगीत टाकाले हात नाई झाला. म्हनून अक्षर आतमंधी घेतलं, कोरं बाहीर."

"कुणी पाहिलं तर आम्ही सगळे आत जाऊ, कळतंय का?"

"कोन पाह्यते? मनोरा थोडीच फाडते कोनी." त्यांनी बोटावर खळ घेतली आणि सुटलेला थर दाबून बसवला. "घे. आत गेले थे कागद. तुमी नाई जात."

मी त्यांना दोन दिवस विनवलं, मनोरा नेऊ नका म्हणून. ऐकलं नाही. चूक होती का? होती. धोक्याची, हट्टाची चूक होती. पण जन्मभर दुसऱ्यांच्या गाठींवर दुसऱ्यांची नावं मारणाऱ्या माणसाला एकदा आपली वस्तू चारचौघांत ठेवावीशी वाटली, तर त्याला मूर्ख म्हणायला माझी जीभ आजही वळत नाही.

तो रविवार. सभागृह गच्च. दाराशी बंदोबस्ताचा शिपाई खुर्चीवर बसलेला. हस्तकलेचे परीक्षक बाहेरगावाहून आलेले, कोट घातलेले. मनोऱ्यापुढे ते बराच वेळ थांबले. चौथ्या मजल्यावर टांगलेल्या लालबुंद ठिपक्यांकडे बोट करून म्हणाले, "वा! चिनी कंदीलसुद्धा अगदी अस्सल आहेत." मग मामांकडे वळले. शिक्षण विचारलं. चीनला जाऊन आलात का, विचारलं. मामा म्हणाले, "हिंगणघाटाहून वर्धा, वर्ध्याहून नागपूर. त्याच्या पुढं नाई गेलतो कधी." लोक हसले. परीक्षकही हसले आणि म्हणाले, "हे असले तयार संच परदेशातून येतात. जोडायचे फक्त. खरं सांगा, कुठून घेतला?"

"म्या केला साहेब."

"मग आतलं काम बघू. एक मजला उघडून दाखवा. तुम्हीच केला असेल तर उघडायला काय हरकत आहे?" असं म्हणून त्यांनी खिशातून पेन्सिल तासायचा चाकू काढला आणि पुढे केला. शिपाई काय चाललंय ते बघायला उठून जवळ आला. चाकूचं पातं तिसऱ्या मजल्याच्या भिंतीपासून वीतभर लांब होतं. मी खांबाशी उभी होते. मामांनी गर्दीवरून नजर फिरवली, मला शोधलं, क्षणभर बघितलं... आणि दोन्ही हात मनोऱ्यापुढे आडवे धरले.

"उघडू नोका. इकत आणला साहेब. चूक झाली."

सभागृह खदखदून हसलं. कुणीतरी मागून ओरडलं, "अबे मारोत्या, काय भाव आणला बे?" शिपाई परत खुर्चीवर जाऊन बसला. आणि मी? मी काहीही बोलले नाही. एरवी चौकात घसा फुटेस्तोवर घोषणा देणारी मी, खांबाला टेकून गप्प उभी राहिले. हे मी लपवणार नाही. त्या दिवशीच्या अपराध्यांची यादी केली, तर तिच्यात माझं नाव परीक्षकांच्या वर आहे.

मामा मनोरा घरी घेऊन गेले नाहीत. वाचनालयाच्या चिटणिसांना म्हणाले, "असू द्या इथंच शोभेले. काचेत कुलूपबंद ठेवा." चिटणीस खूष झाले. पुढच्या आठवड्यात आमच्या घराची झडती झाली, मग मामांच्या. मामींची कढईसुद्धा उलटी करून पाहिली. सगळी पत्रकं तेव्हा वाचनालयाच्या काचेच्या कपाटात, कुलपात उभी होती, आणि त्यांच्यापुढे पट्टी लावली होती: 'चिनी मनोरा. परदेशी बनावट.'

आणीबाणी उठली त्याच आठवड्यात मी मामांना म्हटलं, चला, आता सांगू. ते आले नाहीत. "सांगून काय होते? म्हनतीन उघडून दाखव. माहा खरेपना दाखवाले माहाच मनोरा फाडू काय?" मी एकटी गेले. चिटणिसांनी ऐकून घेतलं आणि अगदी हेच म्हणाले: एक मजला उघडा, पट्टी बदलतो. मी अर्ज केले, पत्रक काढलं. उत्तर तेच. आणि इकडे जिनिंगमध्ये रोज कुणीतरी विचारायचंच, "काय चिनी, काय म्हनते पेकिंग?" मामा ऐकून ब्रश फिरवत राहायचे. त्यानंतर त्यांनी कागदाचं काही केलं नाही. साधा आकाशकंदीलही नाही. रुईच्या धुळीनं छाती भरत गेली, शेवटची दोन वर्षं खाटेवर गेली. मी भेटायला गेले की विचारायचे, "घंट्या हायेत ना वं जागेवर? झुरळं तं नाई लागले?" बस, एवढंच.

तेराव्याला मामींनी तो चहाचा डबा माझ्या हातात ठेवला. "मले काय कामाचा? त्यायनं तुलेच द्याले सांगितलं होतं." मी तो इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहत होते. चित्रातले सहा मजले शाबूत आहेत. चौथा मजला नाही. तिथे गंजानं चित्र चारी बाजूंनी खाल्लंय. मग मामांनी चौथा मजला कशावरून केला? डबा घेऊन मी तशीच वाचनालयात गेले आणि काचेला नाक लावलं. सहा मजल्यांची दारं गोल आहेत, डब्यावर आहेत तशीच. चौथ्याला मात्र अर्धचंद्री खिडक्या आहेत, रुई बाहेर उडू नये म्हणून तिरप्या पट्ट्या मारलेल्या. एका बाजूनं वर चढायची लोखंडी शिडी आहे, अर्थात कागदाची. आणि ज्यांना सगळ्यांनी कंदील म्हटलं, मीही म्हटलं... ते कंदील नाहीत. त्यांना वर दांडी आहे, तोंड उघडं आहे, आत चिमूटभर खरी वाळू चिकटवलेली आहे. आग विझवायच्या लाल बादल्या आहेत त्या. आपल्या जिनिंगमध्ये भिंतीला ओळीनं टांगलेल्या असतात, त्याच. जो मजला दिसला नाही, तिथे त्या माणसानं आपलं आयुष्य गेलं ती जागा बांधली. आठ वर्षं ती सही आपल्या डोळ्यांसमोर होती.

चिटणीस अजूनही म्हणतात, उघडून दाखवा. मी उघडू देणार नाही. ज्यासाठी त्यांनी ते हात आडवे धरले, तो मनोरा कुणीही फाडणार नाही.

म्हणून तुम्हाला सांगते. वाचनालय रोज संध्याकाळी उघडं असतं. जा. काचेपुढे उभे राहा, चौथ्या मजल्यावरच्या बादल्या बघा. हिंगणघाटचे असाल तर तुम्हाला कुणी समजावून सांगायची गरज नाही. मग टेबलावरची अभिप्रायाची वही ओढा आणि लिहा: हा मनोरा मारोतराव बोरकुटे यांनी केला. खाली आपलं पूर्ण नाव घाला. त्या दिवशी तुम्ही त्या सभागृहात असाल आणि हसला असाल, तर आधी तुम्ही जा. माझं नाव पहिल्या ओळीत आहे. दुसरी ओळ कोरी आहे.