गाडीची खांदशेकणी

धर्मेंद्रला कोणी विचारलं, "भाऊ, गाडी कोणती हाय?" तर तो कंपनीचं नाव सांगत नसे. "मोठी हाय," एवढंच म्हणायचा, आणि चावी टेबलावर अशी ठेवायचा की चिन्ह बरोबर वर यावं. माणूस नागपूरजवळच्या मिहान औद्योगिक वसाहतीतल्या कंपन्यांच्या कँटीनला भाजी पुरवणारा. सकाळी टेम्पोतून पालक-कोबी उतरवायची आणि दुपारी अंघोळ करून, सेंट मारून त्याच कंपन्यांत बिलाचं विचारायला या काळ्या, लांबलचक, परदेशी गाडीतून जायचं. हिशेबाच्या टेबलावरचा पोरगा आता त्याला उठून खुर्ची देई. बिल मात्र पूर्वीइतक्याच उशिरा निघे.

गाडी त्यानं एका डॉक्टरांकडून घेतली होती. बारा वर्षांची होती, पण नव्या लहान गाडीच्या पैशात ही एवढी मोठी मिळाली. डॉक्टरांनी चावी देताना इतक्या हसतमुखानं हात मिळवला, की तिथंच माणसानं शहाणं व्हायला हवं होतं. पण हौसेला मोल नसतं म्हणतात. असतं बाप्पा, ते गॅरेजात कळतं.

पहिल्याच मे महिन्यात एसी गेला. नागपूरचं ऊन, काळी गाडी आणि आत काळं चामडं. पावसाळ्यात छताची काच गळायला लागली आणि धर्मेंद्रची बायको कामिनी गाडीत छत्री उघडून बसली. मग इंजिनाखाली तेल टपकू लागलं. समोरच्या पट्टीवर रोज नवा दिवा लागे. पिवळा लागला की धर्मेंद्रला हायसं वाटे, लाल तर नाही ना! वाडीतला प्रेमानंद मिस्त्री दर वेळी बॉनेट उघडून आधी एक उसासा टाकायचा. तो म्हणे, "धर्मेंद्रभाऊ, गाडी जुनी झाली, पण हे तिच्या पार्टांले कोणी सांगतलंच नाही. ते अजून नव्याच्या भावानं येऊन राहिले."

सगळ्यात मोठं दुखणं मात्र पुढच्या उजव्या चाकाचं होतं. या गाडीला चाकांवर लोखंडी स्प्रिंगा नव्हत्या; हवा भरलेले रबरी फुगे होते. त्यांच्यावर गाडी लोण्यासारखी चालते, हे खरंच. पण रबर वयानं चिरतं. रात्रभर हवा निघून जाई आणि सकाळी गाडी उजव्या अंगावर बसलेली असे. धर्मेंद्र ती चालू करून उभा राही. आतून कण्हल्यासारखा आवाज येई, आणि मग ती हळूहळू उठे.

हा सोहळा ओट्यावर चहा पीत बघायला बापूजी हजर असत. बापूजी म्हणजे धर्मेंद्रचे वडील. कळमेश्वरच्या पलीकडच्या गावात आयुष्यभर शेती केली. गेल्या वर्षी गुडघे गेले, तेव्हा शेत ठोक्यानं कसायला दिलं, बैलजोडी विकली आणि पोराकडे राहायला आले. गाडीकडे ते बैलबाजारात उभं राहिल्यासारखे बघत.

"सामोरचा उजवा खांदा गेला गा हिचा," ते म्हणत. "दात पाह्यले होते का घेतानी?"

"बाबा, जर्मन गाडी हाय ते."

"असंन. पण गऱ्यार हाय. जू ठेवलं का बसते."

त्या गाडीत ते एकदाही बसले नव्हते. बसक्या जनावरावर वजन टाकू नये, म्हणायचे आणि देवळात ऑटोनं जायचे. धर्मेंद्रला हे फार लागे. लेआउटमधल्या साऱ्या शेजाऱ्यांना गाडीतून फिरवून झालं होतं, आणि बाप मात्र ऑटोत.

श्रावण सरत आला तसे बापूजी गप्प होत गेले. पोळा जवळ आला होता. दारात बैल नसलेला त्यांचा हा पहिलाच पोळा. गावाहून त्यांचे जुने शेजारी बाबाराव यांचा फोन आला, येता का म्हणून. बापूजी म्हणाले, "मी येऊन काय करू? रिकाम्या हातानं तोरणाखाली उभा राहू?" हे धर्मेंद्रनं दारातून ऐकलं.

त्यानं ठरवलं, बाबांना पोळ्याला न्यायचं, आणि याच गाडीतून, बैल जमतात त्या थेट तोरणापर्यंत. म्हाताऱ्याची मान खाली जाता कामा नये. आता त्यात गावानं गाडीही बघावी, असा थोडा हिशेब होता, नाही कशाला म्हणा. त्यानं प्रेमानंदला सांगून उजव्या बाजूचा फुगा नवा बसवून घेतला. स्वयंपाकघराच्या नव्या ओट्यासाठी कामिनीनं ठेवलेले पैसे त्यात गेले. कामिनीनं एकच वाक्य ऐकवलं: "पोळ्याच्या दिवशी हे बसली, त दसऱ्याच्या आत हिले विकाचं. मंग मले काही सांगाचं नाही."

"नाही बसत वं," धर्मेंद्र म्हणाला.

आणि खरंच, पोळ्याच्या सकाळी गाडी बसली नव्हती. चालू केली तेव्हा मात्र ती उजवीकडून वर वर उचलली गेली. कुत्र्यानं खांबापाशी पाय वर करावा, तशी उभी. समोर लाल दिवा, आणि खाली अक्षरं: गाडी चालवू नका.

पांढरा सदरा घालून तयार झालेला धर्मेंद्र तिथंच फतकल मारून बसला. प्रेमानंद मिस्त्री सणाला सासुरवाडीला गेलेला. फोनवर म्हणाला, "चाकामांगं पाहा भाऊ. पेन्सिलीएवढी काडी असते, गाडीची उंची मोजते. ते निसटली असंन त गाडीले वाटते आपण खाली बसलो, अन् ते हवा भरतच जाते."

धर्मेंद्र सदऱ्यासकट फरशीवर आडवा झाला आणि मोबाइलचा उजेड आत पाडला. काडी लोंबत होती. तिच्याभोवती, नव्याकोऱ्या रबरी फुग्यावर, हळद आणि तूप माखलेलं होतं, आणि एक पळसाचं पान चिकटलं होतं.

काय झालं ते विदर्भातल्या कुणाही शेतकऱ्याच्या पोराला सांगावं लागत नाही. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांद्यांना तूप-हळद लावून पळसाच्या पानानं शेकतात. वर्षभर जू वाहून ते दुखलेले असतात ना. आणि मग बैलाच्या कानात सांगतात, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या.

धर्मेंद्र बाहेर आला. बापूजी चहा पीत होते.

"बाबा, काल तुमी गाडीले हात लावला का?"

"शेकला गा खांदा. सारी दुनिया शेकते, आपलीच काहून राहावं? मधात एक काडी आडवी येत होती, ते सरकवली."

धर्मेंद्रच्या तोंडात बरंच काही आलं होतं. नवा फुगा, ओट्याचे पैसे, सगळंच. ते गिळून तो कसाबसा म्हणाला, "आज आपल्याले हिच्यात गावाले जाचं होतं, बाबा."

बापूजींनी कप खाली ठेवला. पोरगा वेडा झाला की काय, अशा नजरेनं त्याच्याकडे पाहिलं. "पोळ्याच्या दिवशी जुपते का कोणी? अन् मी आवतन देल्लं तिले. आज तिले जेवाले घालाचं असते."

मागे दारात कामिनी उभी होती. धर्मेंद्र तिच्याकडे बघायलाच धजेना. ती आधी गाडीच्या उचललेल्या पायाकडे बघत राहिली, मग पदर तोंडाला लावून इतकी हसली की तिला दाराची चौकट धरावी लागली. आत जाऊन तिनं ताट आणलं, बॉनेटला कुंकू लावलं आणि पुरणपोळी ठेवली.

"आता काय विकता हिले," ती म्हणाली. "आवतन देल्लं मामाजीनं."

मग कामिनीनंच सासऱ्यांचं धोतर-टोपी काढून दिली आणि दोघांना बसस्टँडवर पिटाळलं. बसला ही गर्दी. बापूजींना खिडकी मिळाली, धर्मेंद्र कळमेश्वरपर्यंत उभा. गाडीवाला माणूस असा दांडा धरून लोंबकळत जाताना ओळखीच्या कुणी पाहू नये म्हणून त्यानं रुमाल तोंडावर घेतला होता.

गावात तोरण बांधून झालं होतं. बैलांची रांग लागली होती, शिंगांना बेगड, पाठीवर झुली. कुणीतरी झडत्या, पोळ्याची ती चढाओढीची गाणी, म्हणत होतं. जो तो आपल्या जोडीचा कासरा धरून उभा. बापूजी रांगेशी जाऊन थांबले आणि त्यांना हात कुठं ठेवावेत ते कळेना; एकदा मागे बांधले, एकदा टोपी सारखी केली. धर्मेंद्रला वाटलं, उगाच आणलं बाबांना.

तेवढ्यात बाबारावांनी पाहिलं. "बापूजी, एकटेच? जनावर नाही ठेवलं का मंग एकबी?"

धर्मेंद्रनं मान खाली घातली. हाच एक प्रश्न येऊ नये म्हणून त्यानं एवढा खटाटोप केला होता.

"हाय ना. एक हाय घरी," बापूजी म्हणाले. "वय झालं तिचं. कधी उठते, कधी नाही उठत."

"मंग काढून काहून नाही टाकत?"

"पोरगा नाही काढू देत. मोठ्या मायेनं करते तो तिचं." बापूजींनी गुडघ्यावर हात टेकला. "माहंही तोच करते."

बाबारावांनी आपल्या जोडीतल्या एकाचा कासरा बापूजींच्या हातात दिला आणि जरा सरकून जागा केली. धर्मेंद्र मागे, लोकांच्या पाठीआड गेला. बसमध्ये तोंडावर घेतलेला रुमाल त्यानं आता डोळ्यांना लावला होता.