दुपारचा थेंब

केळुसकर मॅडमची आणि माझी पहिली भेट भांडणानेच झाली. यजमान गेल्यावर नोकरी शोधत मी भाईंदर पश्चिमेला त्यांच्या डोळ्यांच्या दवाखान्यात गेले आणि नंबर न लावता आत शिरले. त्या डाफरल्या. मीही ऐकून घेतलं नाही. "बोलता येतंय ना? मग उद्यापासून या. पेशंटशी भांडायला मला माणूस हवंच आहे," त्या म्हणाल्या. त्याला अठरा वर्षं झाली.

पेशंटशी भांडण असे ते थेंबांवरून. मोतीबिंदू काढला की लख्ख दिसू लागतं आणि माणूस सूज उतरवणारे थेंब बंद करून मोकळा होतो. मोरव्याच्या एक आजी म्हणाल्या होत्या, "मना सगला दिसतं, आता थेंब न्हाय लागत." आतली सूज आरशात दिसत नाही, ती वाढली तर आलेली नजर पुन्हा धूसर होते, हे मॅडमनी त्यांना शांतपणे समजावलं. वर म्हणाल्या, "गरज सरो, वैद्य मरो असं करू नका हो. वैद्याला अजून जगायचंय." आजी हसल्या आणि थेंब चालू राहिले.

घरी थेंब कोण घालणार ते नाव लिहून घेतल्याशिवाय ऑपरेशनची तारीख द्यायची नाही, हा मॅडमचा दंडक. मीरा रोडच्या एका निवृत्त कारकुनांनी मुलाचं नाव सांगितलं, मी लिहिलं. आठवड्याने ते लालभडक डोळा घेऊन आले. मुलगा परदेशात होता. एकट्या माणसाला तारीख मिळणार नाही, या भीतीने ते खोटं बोलले होते, आणि थरथरत्या हाताने घातलेले थेंब गालावरच ओघळत होते. एक प्रश्न जास्त विचारायला हवा होता, चूक माझी होती.  मॅडमनी लगेच कारकुनांच्या शेजारणीला फोन लावला, "भाभी, सुबह-शाम आप डाल देंगी? दोपहर का मैं देखती हूँ." महिनाभर दवाखान्यात बोलावून त्या गृहस्थांच्या डोळ्यात दुपारचा थेंब घातल्यावरच मॅडम जेवायला उठत. डोळा निवळला.

आता दवाखाना त्यांचे विद्यार्थी पाहतात. यंदा पंचाहत्तरी लागली आणि मॅडमच्याच डोळ्यात मोतीबिंदू निघाला. घरी त्या एकट्या, म्हणून थेंब कोण घालणार ते मी विचारलं. "माझे मी घालीन गं," म्हणून मला उडवून लावलं. ऑपरेशननंतर पाचव्या दिवशी तपासणीत सूज निघाली. मी तडक त्यांच्या घरी गेले.

"सकाळ-संध्याकाळचे घालते," त्या खाली बघत म्हणाल्या. "दुपारी कुणी बोलायला नसलं की दिवस कुठवर आलाय तेच कळत नाही."

 अठरा वर्षं मी एक वाजला की पर्स उचलून घरी जात होते. मॅडम कुणाबरोबर जेवतात, हे मी कधी विचारलंच नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्या दुपारी दवाखान्यात येऊ लागल्या. मी थेंब घालायची, त्या डोळा मिटून माझा हात धरून बसायच्या. आज सूज पूर्ण उतरली आणि थेंब बंद झाले. मी आनंदाने ते सांगायला गेले.

"मग उद्या दुपारी यायचं नाही?" त्यांनी विचारलं.

त्याचं उत्तर मी पंचाहत्तरीच्या या शुभेच्छांतच सर्वांसमक्ष लिहिते. मॅडम, तुम्हाला ठणठणीत प्रकृती आणि उदंड आयुष्य लाभो. आणि उद्या यायचं. परवाही यायचं. डबा मी दोघींचा आणतेय.