जोखीम मान्य आहे

माझी कंपनी बघायला कुणी आलंच, तर त्याला पालघरच्या फ्लॅटमधलं एक टेबल, त्यावरचा कॉम्प्युटर आणि मागे वाळत घातलेले कपडे एवढंच दिसेल. पण बोईसर-तारापूरच्या काही छोट्या केमिकल कारखान्यांचा माल त्या टेबलाच्या जोरावर गेटबाहेर पडतो. ड्रमवर चिकटवायची लेबलं आणि ट्रकचा गेटपास काढणारा प्रोग्राम माझा आहे. तो जावा नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहिलाय. कारखान्यातल्या कॉम्प्युटरवर फक्त त्याचं चिन्ह असतं. सकाळी त्यावर क्लिक केलं की प्रोग्राम माझ्या सर्व्हरवरून इंटरनेटने उतरतो आणि चालू होतो. मी घरी बसून चूक दुरुस्त केली, की दुसऱ्या सकाळी ती सगळीकडे दुरुस्त झालेली असते. नळाला पाणी यावं तसं. ह्या गोष्टीचा मला फार तोरा होता.

जगाने हा प्रकार कधीच मोडीत काढलाय. ब्राउझरवाल्यांनी दारं लावून घेतली, जावाच्या नव्या आवृत्त्यांतून तो काढूनच टाकला. बोईसरचे कॉम्प्युटर मात्र जुन्या जावावर खुशाल चालतात, आणि जोवर चालतात तोवर मीही.

गोम एकच होती. असा बाहेरून येणारा प्रोग्राम खरंच अमक्याचाच आहे, असं प्रमाणपत्र एखाद्या मान्यताप्राप्त कंपनीकडून घ्यावं लागतं. मी ते घेतलं नाही. घरीच तयार केलं आणि सहीही माझीच ठोकली. त्यामुळे रोज सकाळी प्रोग्राम चालू व्हायच्या आधी पडद्यावर एक इंग्रजी चौकट येते. पिवळा त्रिकोण, हा प्रोग्राम कुणाचा ते माहीत नाही, चालवणं धोक्याचं ठरू शकतं, वगैरे. खाली टिक करायची जागा: जोखीम मान्य आहे. बाजूला ‘रन’चं बटण.

प्रत्येक कारखान्यात मी एकच धडा दिला. टिक करा, रन दाबा, वाचत बसू नका. 

हा धडा सगळ्यांत मन लावून शिकली ती एका कारखान्यातली, पाम गावची बाई. वयाने माझ्याएवढीच असेल, पण मला ताई म्हणायची. आधी ती पॅकिंगमध्ये होती. दिवसभर उभं राहून ड्रमवर लेबलं चिकटवायची. डिस्पॅचच्या कॉम्प्युटरवर गेटपास काढणारा माणूस सोडून गेला तेव्हा मीच तिथल्या शेठला म्हटलं, हिला बसवून बघा, हिचा हात नीट आहे. शेठने बसवलं. फिरती खुर्ची, पंखा, टेबलावर पाण्याची बाटली. ती माऊस असा धरायची की जणू तो निसटून पळेल. पण महिन्याभरात तिने गेटपास असा सुरळीत लावला की ड्रायव्हर लोक आत डोकावून ‘पर्ची कब मिलेगी’ विचारायचेच बंद झाले. मला तिचं कौतुक वाटायचं. त्याहून जास्त स्वतःचं वाटायचं, हेही सांगून टाकते.

मग गेल्या पावसाळ्यानंतर एका सकाळी तिला ट्रान्सपोर्टवाल्याच्या नावाने एक मेल आला. बिल जोडलं होतं. तिने ते उघडलं. चौकट आली. इंग्रजी मजकूर, पिवळा त्रिकोण, खाली बटण. तिने रन दाबलं.

दुपारपर्यंत कॉम्प्युटरमधली एकही फाइल उघडेना. फाइली कुलूपबंद झाल्यात आणि सोडवायच्या असतील तर आमच्याशी बोला, असा मजकूर पडद्यावर आला. गेटवर ट्रक अडकले. मी स्कूटर काढली आणि पालघरहून सुटले. वाटेत मी तिच्यावर मनातल्या मनात इतकी चरफडत होते की बस. काहीही कसं उघडतात ही माणसं. जरा वाचायला काय होतं.

मी पोहोचले तेव्हा ती खुर्चीवर नव्हती, खुर्चीच्या मागे उभी होती. 

“काय आलं होतं?” मी विचारलं.

“तुमची आसते ना रोजची, तशीच चौकट,” ती म्हणाली. “मी वाचत नाय बसले, ताई. तुमी सांगितलेलं तसं लगेच रन दाबलं.”

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. काम नीट केल्याचं सांगत होती ती. माझी चरफड तिथल्या तिथे विझली आणि त्या जागी जे आलं ते अजून गेलेलं नाही.

गेटपासची माहिती माझ्या सर्व्हरवर होती म्हणून शाबूत राहिली. कॉम्प्युटर पुसून नव्याने उभा केला, संध्याकाळी ट्रक सुटले. मग मी शेठच्या केबिनमध्ये गेले आणि सरळ सांगितलं, चूक माझी आहे. न वाचता बटण दाबायला मी शिकवलं, रोज सकाळी तिच्याकडून तेच करून घेतलं. शेठने माझ्यासाठी चहा मागवला.

“मॅडम, तुम्ही कशाला मनाला लावून घेता? तुम्ही तुमच्या प्रोग्रामचं सांगितलं. कुठे दाबायचं, कुठे नाही, ही अक्कल आपली आपल्याला पाहिजे ना.”

मी पुन्हा सांगितलं. त्यांनी पुन्हा समजूत घातली. शिकलेल्या माणसाची चूक लोक किती हौसेने माफ करतात. त्यांनी माझ्यावर ओरडायला हवं होतं. मी त्यासाठीच गेले होते. तिला त्यांनी दुसऱ्या दिवसापासून परत पॅकिंगमध्ये पाठवलं. खुर्चीवर एक नवी मुलगी आली.

त्यानंतर दोनदा शेठकडे तिच्यासाठी शब्द टाकला, दोनदा चहाच मिळाला. पॅकिंगमध्ये ती भेटली तेव्हा हातात मोजे, नाकावर फडकं, समोर ड्रम. ती चिकटवत होती ती लेबलं माझ्याच प्रोग्राममधून निघालेली. मी कसं चाललंय विचारलं.

“बरं हाय की. तिकडं पाय दुखत नव्हते, एवढंच.”

मग शेठनेच फर्मान काढलं की मॅडमनी सगळ्यांना कॉम्प्युटरच्या धोक्यांबद्दल चार गोष्टी सांगाव्यात. नाही कुठल्या तोंडाने म्हणणार? जेवणाच्या सुट्टीनंतर कँटीनमध्ये सगळे बसले, पॅकिंगच्या बायकासुद्धा. ती पुढून दुसऱ्या बाकावर होती. मी भिंतीवर चित्रं दाखवली. अनोळखी मेल उघडू नका. चौकट आली तर थांबा, वाचा, कळलं नाही तर विचारा. न वाचता कधीही हो म्हणू नका. माझा आवाज चांगला खणखणीत लागला होता.

मधेच नव्या मुलीने हात वर केला. 

“मॅडम, रोज सकाळी गेटपासच्या आधी येते ती पन नाय दाबायची का? तिच्यात बी हेच लिवलंय.”

खऱ्या प्रमाणपत्रासाठी मी अर्ज केला होता. ते देणारे कंपनीची कागदपत्रं मागत होते आणि माझी कंपनी म्हणजे ते घरातलं टेबल. तोवर चौकट येतच होती. ह्यातलं तिला काय आणि कसं सांगावं, त्याची मी मनात जुळवाजुळव करत होते. तेवढ्यात दुसऱ्या बाकावरून ती बोलली.

“ती आपल्या ताईंची हाय. ती बिनघोर दाबायची.”

पोरीने मान डोलावली. बाकीच्यांनीही डोलावली. सगळे माझ्याकडे बघत होते, तीसुद्धा, आपण बरोबर सांगितलं ना अशा नजरेने. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक भरायचे होते.

मी म्हटलं, “हो. ती दाबा.”